झाकण उघडल्याची नोंद

१७ मे, रविवार

आज पुन्हा दोन जोडपी. एक सकाळी, एक संध्याकाळी. सकाळच्या बाईनं सगळे ड्रॉवर ढकलून बघितले, ओट्याखाली वाकून बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, वहिनी, तुमची भांडी कुठंयत? मी हसले. हसायचंच असतं.

ओट्यावर काही म्हणता काही दिसता कामा नये, ही सुदर्शनची पहिली अट. मिठाची बरणी नाही, पोळपाट नाही, चिमटा नाही. भिंतीला एक खिळा नाही. नुसता पांढरा दगड, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच. आणि त्यात बसवलेलं ते मशीन! दगडाशी सपाट. बोट लावलं की झाकण वर येतं. चिरतं, मळतं, ढवळतं, वाफवतं, भाजतं, वजन करतं आणि शेवटी आपलं आपण धुऊन घेतं. चिमणीसुद्धा ओट्यातून वर येते आणि काम झालं की गुमान खाली जाऊन बसते.

मी काय करायचं? सुती साडी नेसायची, पालक आत टाकायचा, पडद्यावर बोट ठेवायचं आणि हाताची घडी घालून गप्पा मारायच्या. गप्पांमध्ये एक वाक्य ठरलेलं — "आता मला स्वतःसाठी खूप वेळ मिळतो." सुदर्शननंच शिकवलंय. त्याचं मॉड्युलर किचनचं शोरूम जालना रोडला आहे, पण तिथल्या किचनमध्ये कुणी राहत नाही ना! गिऱ्हाइकाला वापरातलं बघायचं असतं. म्हणून रविवारी आमचं घर. नाव काय तर 'लाइव्ह किचन'. लाइव्ह म्हणजे मी.

संध्याकाळच्या बाईनं मुलंबाळं विचारली. नाही अजून, म्हटलं. "बरंय, किचन स्वच्छ राहतं," म्हणाली. काय माणसं असतात!

१८ मे

तोंडानं 'अहो', कागदावर सुदर्शन. एवढं तरी माझं.

१९ मे

दुपारी डोकं दुखत होतं म्हणून परत चहा केला. पातेलं ठेवायला गॅसच नाही, पाइप कधीच काढून टाकलाय — तर मशीनमध्येच. पाच मिनिटं झाली नसतील, फोन. "दुसऱ्यांदा चहा? कुणी आलंय का?"

कुणी नाही. डोकं दुखतंय. गोळी घे, म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, तसा तो खेकसत नाही कधी. पण मशीन सुरू झालं की त्याच्या फोनवर जातं. काय टाकलं, किती टाकलं, कधी सुरू केलं. पूर्वी मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोला. आता चहाची पत्ती टाकताना हात आखडतो.

आत्याबाई — म्हणजे सुदर्शनची आई — मशीनला डबडं म्हणतात. करमाडहून येऊन दोन वर्षं झाली, अजून हात लावला नाही त्याला. "त्यात शिजवलेलं गिळते, तेवढं बास," असं म्हणतात. रविवारी गिऱ्हाइकं आली की त्यांनी खोलीत दार लावून बसायचं, अशीही एक अट आहे. बसतात. एरवी हॉलमध्ये टीव्हीसमोर, तोंड दाराकडं. मी चप्पल पायात घातली की मान वळते. लेकाला रोज रात्री काय काय सांगतात कोण जाणे.

२० मे, बुधवार

आईला लकवा मारलाय.

माहेरहून, मुकुंदवाडीहून फोन आला. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा नाही, शेजारच्या कमरुन्निसा चाचीचा. चार दिवस दवाखान्यात होती, काल घरी आणली. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालंय. अण्णांनी चाचीला बजावलेलं, मोनिकाला कळवू नका, तिच्या घरात उगाच कटकट. चाची म्हणाली, "मैं बोली, भाईसाब, लेकीला नाय सांगायचं तर कुणाला सांगायचं? ती काहीच खात नाय रे बेटा. तोंडच उघडत नाय."

चार दिवस! मी इथं पालकाचं सूप करून दाखवत होते.

रात्री जेवताना सुदर्शनला विचारलं. विचारलं म्हणजे हात जोडायचेच बाकी ठेवले होते. त्यानं आधी वाईट वाटल्यासारखी मान हलवली. मग म्हणाला, "तुझ्या बापानं भर मांडवात माझं नाक कापलं, ते विसरलीस का?"

कशी विसरेन! श्रेयाच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. फेटा आधी थोरल्या जावयाला बांधायचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सुदर्शन तेव्हा बाहेर पाण्याच्या जारचा टेम्पो मागं घ्यायला लावत होता, आमच्याच कामात. इकडं गुरुजींची घाई. अण्णा गडबडले आणि नवऱ्या मुलाच्या मामापासून सुरुवात केली. मामा, काका, आणखी कुठले कुठले मेव्हणे. सुदर्शन घाम पुसत आत आला तर फेटे संपलेले! त्याच्या वाट्याला टॉवेल-टोपी. सगळ्या करमाडच्या पाहुण्यांदेखत. तो न जेवता उठला तो उठला. तेव्हापासून त्यानं तिकडं पाय ठेवायचा नाही आणि मीही ठेवायचा नाही. अण्णांनी फोनवर चूक झाली म्हटलंय. सुदर्शनला ते भावकीसमोर हवंय. अण्णा म्हणतात, चुकलं म्हणलं ना, आता काय पाया पडू? दोघं एका जातीचे हट्टी आणि मधे मी.

"तिची काळजी वाटते मलाही," ताट सरकवताना म्हणाला. "आधी तुझ्या बापाला येऊ दे."

२१ मे

आले नाहीत. येणारही नाहीत.

२३ मे, शनिवार

आज गेले!

कसं सुचलं ते लिहिते. सकाळी मूग धूत होते. गिऱ्हाइकांपुढं मी किती वेळा सांगितलंय — सकाळीच सगळं आत टाका, वेळ लावा आणि खुशाल बाहेर जा, बारा वाजता मशीन आपोआप सुरू होतं. इतक्या वेळा तोंडातून गेलं हे आणि डोक्यात एकदाही गेलं नाही. मठ्ठ कुठली! डाळ-तांदूळ, पाणी, हळद आत टाकली. वेळ लावली. सुदर्शनला बारा वाजता काय दिसणार? मोनिकानं खिचडी लावली. म्हणजे मोनिका घरात आहे.

आत्याबाईंना म्हटलं भाजी आणते. त्यांनी मान वळवली, परत टीव्हीकडं वळवली. बीड बायपासवरून रिक्षा केली. चोरी करायला निघाल्यासारखी पदर डोक्यावरून घेऊन बसले. कुठं तर आईच्या घरी.

आई एवढीशी झालीय. उशीत डोकं दिसेना. मला बघितलं आणि एका डोळ्यातून पाणी. अण्णा पेज घेऊन बसलेले, वाटी तशीच भरलेली. मी भाकरी दुधात कुस्करली, अगदी मऊ केली, अंगठ्यानं हळूच ओठात सरकवली. तोंड उघडलं तिनं. अर्धं बाहेर सांडलं, अर्धं गिळलं. अण्णा उठून मोरीत गेले आणि किती तरी वेळ नळ सोडून उभे राहिले. नळाला पाणी नव्हतं.

तिचं बोलणं समजत नाही नीट. कान तोंडाशी नेला तेव्हा कळलं — जावई जेवले का, विचारत होती.

घरी आले, झाकण उघडलं. खिचडी गार, घट्ट. आत्याबाईंना वाढली. टीव्ही बघत जेवल्या. मोबाईलवर सुदर्शनचा अंगठा आलेला. शाब्बास म्हणून.

२५ मे

गेले. आईनं वरण-भात खाल्ला. वेणी घातली तिची.

२७ मे

आज बटाट्याची रस्सा भाजी लावून गेले. खिचडी रोज रोज लावली तर संशय यायचा. मी आता चोरासारखा विचार करायला लागलेय! काय किती वेळ शिजतं, काय न करपता राहतं, झाकण न उघडता काय टिकतं. ह्या मशीनचा मीच सगळ्यात जास्त अभ्यास केला असेल, कंपनीवाल्यांनीसुद्धा नाही.

उद्या ईद. चाचीला बसायला जमणार नाही आईजवळ. उद्याही जायला पाहिजे.

२९ मे

सुदर्शन खूश आहे. म्हणतो, आता तुला मशीन जमायला लागलं, स्वयंपाक वेळेवर होतोय. रात्री माझ्यासाठी कुल्फी आणली. कुल्फी खाताना मला त्याची दया आली आणि लगेच स्वतःचा राग आला. दया कसली? आईला घास भरवायला मला टायमर लावून पळावं लागतंय!

१ जून, सोमवार

आज मेलेच होते.

आईला भरवत होते आणि पंखा थांबला. लाइट गेली. मला काही वाटलं नाही, अण्णांनी वर्तमानपत्र घेऊन वारा घातला. मग एकदम चमकलं — लाइट बायपासलाही गेली असेल! लाइट गेली की मशीनमध्ये लावलेली वेळ पुसली जाते. गेली तेव्हा बारा वाजायचेच होते, आता वाजून गेलेले. सुदर्शनच्या फोनवर आज काहीच जाणार नाही आणि तो घरी फोन करणार. आत्याबाई उचलणार, आणि म्हणणार, ती कुठं घरात आहे?

आईच्या तोंडातला घास तसाच टाकून धावले. रिक्षा नेमकी फाटकात अडकली. गाडी येईना, फाटक उघडेना. रिक्षावाला तंबाखू मळत बसला. मला वाटलं उतरून पळत सुटावं, पण पळून पळून कुठवर पळणार!

घरी आले तर वास. शिजल्याचा वास! मशीन घरघरत होतं. पडद्यावर — अजून थोडा वेळ शिल्लक. मोबाईल बघितला, सुदर्शनचा मेसेज: "आज उशीर झाला खिचडीला. लाइट गेली होती का?"

आत्याबाई टीव्हीसमोर. तोंड दाराकडं.

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "बटनच तर दाबायचं व्हतं. त्यात काय इमान चालवायचंय?"

त्यांच्या पायाशीच बसले. तुम्हाला कधीपासून माहीत, विचारलं. रोज भाजी आणायला जातेस आणि रिकाम्या पिशवीनं येतेस, म्हणाल्या, आंधळी नाय मी. मग टीव्हीचा आवाज बारीक केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काही सांगितलं त्यांनी. त्यांची माय आजारी पडली तेव्हा करमाडात मळणी चालू होती. सासरा म्हणाला, मळणी झाल्यावर जा.

"झाल्यावर गेले," म्हणाल्या. "राखसुदिक गार झालती."

एवढंच. परत आवाज मोठा केला.

आणि मी दोन वर्षं ह्या बाईला सुदर्शनचा पहारा समजत होते.

३ जून

आत्याबाईंसाठी माहेरून बाजरीची भाकरी आणि ठेचा बांधून आणला. चाचीनं केलेला. दोघींनी खोलीत दार लावून खाल्ला, वास घरात राहू नये म्हणून खिडकी उघडून! ठेचा त्यांच्या डोळ्यातून पाणी काढत होता आणि त्या हसत होत्या. "आमच्या नानीच्या हातची याद आली," म्हणाल्या. ह्या घरात त्यांना हसताना मी बघितलंच नव्हतं.

५ जून

आईनं आज डाव्या हाताचं एक बोट हलवलं. अण्णांना दाखवायला परत सांगितलं तर हलवेना. पण मी बघितलंय.

७ जून, रविवार

लिहिण्याआधी पाणी प्यायला गेले तर स्वयंपाकघराचा दिवा लावावासा वाटेना. अंधारातच प्याले.

आज नानासाहेब म्हणून एक आले होते. पैठण रोडला बंगला बांधतायत. सोबत थोरली सून, सायली. विशीची असेल नसेल. ओट्याकडं अशी बघत होती, जणू देवळात आलीय. सुदर्शननं नेहमीसारखं सगळं दाखवलं, मी नेहमीसारखी वाफाळती कोथिंबीर वडी काढून दिली. नानासाहेबांना वडीत रस नव्हता. एवढ्या महागाच्या डब्यात विशेष काय, असं त्यांचं चाललेलं.

तेव्हा सुदर्शननं फोन काढला.

"हे बघा. नुसतं काय शिजवलं एवढंच येत नाही. झाकण कधी उघडलं त्याचीही नोंद येते." आणि बोटानं मागं मागं सरकवत नेलं. "हा तेवीस मेचा दिवस. खिचडी झाली साडेबाराला. झाकण उघडलं अडीचला. पंचवीसला तेच. सत्तावीसला तेच. म्हणजे मॅडम वेळ लावून कुठं गेल्या होत्या?" माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "माहेरी!"

सगळे हसले. नानासाहेब तर मांडीवर थाप मारून हसले.

माझे हात ओट्यावर होते. दगड गार लागत होता, एवढं आठवतंय. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला! तो अंगठा, ती कुल्फी, आता जमायला लागलं तुला — सगळं माहीत असून. मी पदर डोक्यावर घेऊन रिक्षात लपून बसत होते आणि तो शोरूममध्ये बसून बघत होता.

"म्हणजे सून घरात हाय का नाय, ते कुठंबी बसून कळतं?" नानासाहेबांनी विचारलं. कळतं ना, सुदर्शन म्हणाला. मग एक नाही दोन द्या, धाकट्याच्या घरातही बसवू, असं ठरलं. तिथल्या तिथं.

सायलीनं माझ्याकडं बघितलं. सुदर्शन म्हणाला, मोना, तू सांग ना ह्यांना तुझा अनुभव.

मी सांगितलं. "आता मला स्वतःसाठी खूप वेळ मिळतो."

देवा. मी सांगितलं ते! त्या पोरीच्या तोंडावर.

८ जून

भांडण झालं म्हणावं तर झालंही नाही. मी रडले, तो शांत. एवढं काय लागलं मनाला, गंमत केली, ऑर्डर मिळाली ना, असं त्याचं. चार लोकांत माझी लाज काढलीत म्हटलं तर चटकन म्हणाला, हं, आता कळलं कसं वाटतं? फेटा त्याच्या डोक्यात अजून तसाच बसलाय.

मग जवळ बसला. "मी अडवलं का तुला? एकदा तरी? मी जाऊ दिलं म्हणून तू गेलीस, मोना. दुसऱ्या कुणी दिलं असतं का?"

आणि वार ठरवून दिले. मंगळवार, शुक्रवार. ह्या दोन दिवशी बेलाशक जा. टायमरबियमरची भानगड नको. रविवारी अर्थातच नाही.

मोठ्या मनानं दिले त्यानं. खरंच मोठ्या मनानं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी चोरून खात होते तो घास त्याच्याच ताटातला निघाला. पंधरा दिवसांत एक गोष्ट माझी अशी होती ह्या घरात, तीही नव्हती.

९ जून, मंगळवार

गेले नाही. त्यानं दिलेल्या वारी मी जाणार नाही.

१० जून

चाचीचा फोन. आईनं परवापासून काही खाल्लं नाही. दाराकडं बघते आणि तोंड मिटून घेते. सलाइन लावावी लागेल म्हणतात.

जळो माझा ताठा! कुणाला उपाशी ठेवलं मी? सुदर्शनला?

१२ जून, शुक्रवार

गेले. त्याच्या वारी, त्याच्या परवानगीनं. निघताना मेसेज — "नीट जा. आईंना सांग काळजी घ्या." आईनं खाल्लं. प्रत्येक घासाला मला तो मेसेज आठवत होता. आठवड्यात दोन दिवस जेवून माणूस जगतं का?

मग सुचेल ते बोलले. अण्णांना म्हटलं, हिला माझ्याकडं पाठवा. मी बघेन तिचं. सुदर्शनचं मी निभावते. अण्णा सुदर्शनवर अडतील असं वाटलं होतं. ते भलत्याच गोष्टीवर अडले.

"नातवाचं तोंड पाहिल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी नाय पिलं आमच्यात कुणी."

चार वर्षांत मला मूल नाही झालं. म्हणून माझी आई माझ्या घरी जेवू शकत नाही. खाटेवर पडलेली, अर्धी गेलेली बाई, आणि तिनं रीत पाळायची! अण्णांवर ओरडले. ओरडू नये असं ओरडले. आईनं उजवा हात वर केला, अण्णांच्या बाजूनंच केला. तिलाही ते पटतं. शेवटी मीच कुठल्याही दारातून आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. इकडं त्याचे वार, तिकडं ह्यांची रीत.

घरी येऊन आत्याबाईंपुढं सगळं ओकले. त्या ऐकून घेत होत्या, मधे मधे "व्हय" म्हणत. मग म्हणाल्या, तुझ्या बापाचा नंबर लावून दे. लावून दिला. फोन घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावलं. काय बोलल्या, सांगायला तयार नाहीत.

१३ जून

आत्याबाईंनी खोलीतलं कपाट सरकवून घेतलं माझ्याकडून. पंख्याचा वारा लागत नाही म्हणे. उद्या दुपारी एक जोडपं येणार आहे, सुदर्शन सकाळपासून दगड पुसतोय.

१४ जून, रविवार

गिऱ्हाइकं सोफ्यावर बसलेली असतानाच बेल वाजली. दारात अण्णा आणि कमरुन्निसा चाची, दोघांनी खुर्चीसकट धरलेली आई.

सुदर्शन उठला. आत्याबाई त्याच्या आधी दारात. खोलीतून कधी बाहेर आल्या कळलंही नाही. "मी बोलावलंय इहीणबाईंना," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "अधिक महिना हाय, पाव्हण्याला जेवू घालायचं पुण्य असतंय. लेकीच्या घरी नाय आल्या त्या, माझ्या घरी आल्यात. माझ्या खोलीत माझ्या शेजारी ऱ्हातील."

गिऱ्हाइकांसाठी आणलेलं हसू सुदर्शनच्या तोंडावर तसंच राहिलं. त्याला ते काढता येईना.

खुर्ची ओट्याला लावली. झाकण उघडून मी मऊ भात काढला, आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं कालवला आणि घास पुढं केला. आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान हलवली. आईनं तोंड उघडलं.

अर्धा घास पांढऱ्या दगडावर सांडला. कुणी पुसला नाही. सोफ्यावरच्या बाईनं सुदर्शनला विचारलं, "ह्या इथंच असतात का?" त्यानं माझ्याकडं बघितलं.

"हो," मी म्हणाले. "आजपासून."